क्रीडाफलकांवरील तिरपे अक्षर

नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूर–तुळजापूर महामार्ग जेथे एकत्र येतात, त्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाट्यासारख्या वर्दळीच्या ठिकाणी कबड्डीच्या सामन्यांचे फ्लेक्स लागले, म्हणजे त्यांवरील इंग्रजी अक्षरे ठळक, कोनदार आणि जणू पुढे झेपावणारी दिसतात. संघाचे मराठी नाव मात्र उभ्या अक्षरांना संगणकावर ओढून वाकविलेले असते. या विरूपतेची आपल्याला इतकी सवय जडली आहे की तिच्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही. २०२२ च्या कायदेदुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षर अन्य लिपीहून लहान नसावे असा दंडक घातला, तो उचितच; परंतु अक्षराच्या घडणीची चिंता कोणत्याही कायद्याने वाहिलेली नाही.

‘कबड्डी’ हाच शब्द पाहा. त्यातील एकाखाली एक बसलेले दोन ‘ड’, त्यांवरची वेलांटी आणि सर्वांना धरून ठेवणारी शिरोरेषा, हा सारा संभार ठळक करताच अक्षरांच्या पोकळ्या बुजू लागतात. त्यावर तो यंत्राने कलता केला, म्हणजे काना एका कोनात झुकतो, गोलाईची जाडी भलत्याच जागी सरकते आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळते.

वास्तविक तिरपे अक्षर हे वाकविलेले अक्षर नव्हेच. १५०१ च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने तिरप्या वळणाचे खिळे प्रथम कोरले, ते भराभर लिहिणाऱ्या लेखनिकांच्या हस्ताक्षरावरून. असे शीघ्र हस्ताक्षर आपल्याकडेही होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल उलगडून पाहावेत: आधी ओळभर रेघ ओढून, हात शक्य तितका न उचलता, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही गतीपुढे गौण मानून कारकुनांनी लिहिलेले ते अक्षर अक्षरशः धावते. मोडीची गती आणि तिरप्या कापलेल्या बोरूच्या टोकाचे कोन, यांच्या संयोगातून मराठी क्रीडाक्षर निर्माण होऊ शकेल, अशी माझी निःशंक धारणा आहे.

आज गुणी अक्षररचनाकारांची वाण नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘टेको’ हा चौकोनी घडणीचा, विनामूल्य मिळणारा देवनागरी टंक फलकांवर उत्तम शोभतो; पण तो ताठ उभा आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा टंक सर्वांसाठी खुला केला, हा पायंडा स्तुत्य होय. त्याच संस्थेने क्रीडा खात्याच्या सहकार्याने एक ठळक, कोनदार, तिरपा टंक मुळापासून रेखाटून घ्यावा, ‘ड्डी’, ‘क्ष’, ‘र्ती’ अशा अवघड जोडांची परीक्षा फ्लेक्सच्या प्रत्यक्ष आकारात करावी आणि तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापणाऱ्यांच्या संगणकांपर्यंत तो विनाशुल्क पोहोचवावा.