गॅस नाही, मग गिझर कोणता? दुकानात जाण्याआधी घरचा मीटर पाहा

थंडी सुरू झाली की बीडच्या बाजारात तीन लिटरचे इन्स्टंट गिझर दुकानांच्या दर्शनी भागात येतात. गावाकडे बंब आहे, पऱ्हाट्याही आहेत. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात मात्र बंबाला जागा नाही आणि धुराला वाट नाही. त्यात गॅस कनेक्शन नसेल, तर पाणी तापवायला वीजच उरते.

‘इन्स्टंट गिझर वीज वाचवतो’ असे दुकानदार सांगतो. हे अर्धेच खरे. 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण 0.35 युनिट लागते, मग रॉड वापरा, मोठ्या टाकीचा गिझर वापरा की इन्स्टंट. मोठी टाकी तासन् तास चालू ठेवली, तर गरम पाणी थंड होण्यात वीज वाया जाते. इन्स्टंटमध्ये वाचते ती एवढीच.

चौघांच्या घरात रोज चार बादल्या म्हणजे 1.4 युनिट, महिन्याला 42. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा 100 युनिटांचा आहे. एरवी 70 युनिट वापरणारे घर हिवाळ्यात 112 वर जाते आणि वरच्या 12 युनिटांना चढा दर लागतो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

खरी अडचण बिलापेक्षा वायरिंगची आहे. 3 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टला सुमारे 13 अँपिअर ओढतो. मोबाईल चार्जरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर तो चालवू नये. माझ्या भाड्याच्या खोलीत हा प्रयोग झाला होता. तिसऱ्याच दिवशी बोर्ड वितळल्याचा वास आला. गिझरला स्वतंत्र 16 अँपिअरचे सॉकेट आणि एमसीबी हवा. तांब्याची वायर 2.5 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको, अंतर जास्त असेल तर 4 ची घ्या. वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. तो 1 किलोवॅट असेल, तर आधी वाढीव भारासाठी अर्ज करावा. घर भाड्याचे असेल, तर हे सगळे घरमालकाशी बोलूनच.

आता व्होल्टेज. परळीत वीज तयार होते, म्हणून जिल्ह्यातल्या शेवटच्या खांबापर्यंत ती पूर्ण दाबाने पोचतेच असे नाही. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 चे 180 झाले, तर 3 किलोवॅटचा गिझर 1.8 किलोवॅटवर येतो. सात मिनिटांत तापणारी बादली मग अकरा-साडेअकरा मिनिटे घेते. त्यात गिझर बिघडलेला नसतो. नळ बारीक सोडा, पाणी गरम येईल. पूर्ण दाबाच्या विजेवरही मिनिटाला दोन लिटरपेक्षा जास्त पाणी सोडले की ते कोमटच येते. परदेशी व्हिडिओंत दिसणारे, शॉवरला अखंड गरम पाणी देणारे यंत्र बहुधा 18 किलोवॅटच्या आसपासचे, थ्री-फेजवरचे असते. आपल्या घरच्या सिंगल-फेज मीटरवर ते चालणार नाही.

गच्चीवर पाण्याची टाकी नसेल, तर गिझर घेऊच नये. नळाला रोज पाणी येत नाही आणि साठा ड्रममध्ये, अशा घरात गिझरला पाणी मिळणार कुठून? तिथे आयएसआय चिन्हाचा रॉडच बरा. पण बादलीत हात घालण्याआधी बटण बंद करून प्लगही काढायचा, यात सूट नाही. घरात लहान मुले असतील, तर रॉड टाळावा असे माझे मत आहे.

बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो आणि ती लवकर जळते. वर्षातून एकदा साफ करून घ्या. गिझरवर भारतीय मानक आयएस 8978 ची खूण आहे का, ते पाहा. इलेक्ट्रिशियन आला की अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. पैसे कमी पडत असतील, तर गिझर पुढच्या महिन्यात घ्या, पण आरसीसीबी याच महिन्यात बसवा.