‘दॅट’ कुठे काढावा, कुठे ठेवावा

इंग्रजी वाक्यात काही शब्द ऐच्छिक असतात. ‘आय थिंक दॅट ही इज राइट’ यातला ‘दॅट’ गेला तरी वाक्य उभे राहते. ‘शी हेल्प्ड मी टू राइट इट’मधला ‘टू’ किंवा ‘ऑल ऑफ द पेपर्स’मधला ‘ऑफ’ याच जातीचे. असा शब्द दिसला की काढून टाकावा, या मताला आता धर्माज्ञेचे वजन आले आहे. त्यासाठी आधार म्हणून कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांचे 1918 सालचे छोटेखानी पुस्तक दाखवले जाते. ई. बी. व्हाइट यांनी 1959 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्यावर घडल्या. पण स्ट्रंक यांनी वगळायला सांगितले ते निरुपयोगी शब्द. ऐच्छिक शब्द निरुपयोगीच असतो, ही भर शिष्यांची.

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर या वादाचे दोन्ही पक्ष शेजारी नांदतात. दूरदर्शन भवनातून निघणाऱ्या इंग्रजी बातम्यांच्या पट्टीत ‘मिनिस्टर टू व्हिजिट नागपूर’ एवढ्यावर भागते. आर्टिकल नाही, ‘इज’ही नाही. त्याच रस्त्यावर फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. तिथे दाखल होणाऱ्या प्रतिज्ञापत्रांचा जवळजवळ प्रत्येक परिच्छेद ‘दॅट’ने सुरू होतो. संक्षेपवाद्यांना हे हास्यास्पद वाटते. वास्तविक तो ‘दॅट’ प्रत्येक परिच्छेदाला वरच्या शपथेशी जोडतो: मी शपथेवर सांगतो की हे, आणि की ते. अर्थात परिच्छेदांना क्रमांक दिल्यावर त्यातला बराच भाग निव्वळ वकिली सवयीचा उरतो, हेही कबूल केले पाहिजे.

संक्षेपवाद्यांचा मुख्य युक्तिवाद असा की वाक्य आखूड झाले की स्पष्ट होते. पुढचे वाक्य पाहावे: ‘द बोर्ड टोल्ड द ओनर ऑन मंडे द युनिट वुड क्लोज.’ प्रदूषण मंडळाने मालकाला सोमवारी सांगितले, की कारखाना सोमवारी बंद होणार? ‘ऑन मंडे’च्या आधी वा नंतर एक ‘दॅट’ पडला की प्रश्न मिटतो. ही शंका काल्पनिक म्हणून सोडता येत नाही. जलप्रदूषण कायद्याखाली मंडळाने कारखाना बंद करण्याचा निर्देश दिला, तर हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 16 नुसार अपिलाची मुदत तो कळवल्यापासून 30 दिवसांची असते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. निर्देश कोणत्या वारी कळला यावर सगळे अवलंबून असताना एक शब्द वाचवण्यात शहाणपण नाही. ‘द कमिटी फाउंड द फॅक्टरी हॅड क्लोज्ड’ हे वाक्य इतके घातक नाही, पण वाचकाला आधी समितीला कारखाना सापडल्याचा भास होतो आणि ‘हॅड’पाशी ठेचकाळून मागे यावे लागते.

भाषेतली पुनरावृत्ती म्हणजे उधळपट्टी, हा त्यांचा दुसरा समज. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्येच साध्या इंग्रजी मजकुराचा सुमारे निम्मा भाग भाषेच्या रचनेनेच ठरलेला असतो, असा अंदाज मांडला होता. ऐकताना एखादा शब्द निसटला, छापताना एखादे अक्षर पुसट झाले, तरी अर्थ लागतो तो या जादा मालामुळेच. पुढे टी. फ्लोरियन जेगर यांनी टेलिफोनवरच्या अमेरिकन संभाषणांचा अभ्यास करून 2010 मध्ये दाखवले की पुढे येणारे उपवाक्य अपेक्षित असेल तर बोलणारे ‘दॅट’ सहज गाळतात, अनपेक्षित असेल तर तो उच्चारण्याकडे त्यांचा कल वाढतो. ‘थिंक’नंतर तो गळतो. व्याकरणाचे पुस्तक न उघडता ही माणसे हा विवेक पाळतात.

याच्या उलट टोकाला जुन्या वळणाचे मास्तर. त्यांना गाळलेला ‘दॅट’ म्हणजे आळस वाटतो. हेही टिकत नाही. ‘द ऑर्डर द ट्रिब्युनल पास्ड’ ही शुद्ध रचना आहे, कारण इथे संबंधी सर्वनाम कर्म आहे. ‘द ऑर्डर दॅट बाइंड्स द बोर्ड’मध्ये ते कर्ता आहे, म्हणून प्रमाण इंग्रजीत ते काढता येत नाही. नियम जिथे चोख आहे, तिथे शिस्तीच्या गप्पा नकोत.

गाळणे चालते ते गाळलेले भरून काढणारे काहीतरी मागे उभे असते तेव्हा. भारतीय कायदे कित्येक दशके नुसते ‘ही’ लिहून ‘शी’ गाळत आले. त्यामागे 1897 च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचे कलम 13 होते. विषय वा संदर्भ आड येत नसेल तर पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावे, असे ते सांगते. बातमीच्या पट्टीमागे वाचकाची सवय उभी असते, पूर्वी शब्दागणिक पैसे मोजून केलेल्या तारेमागे घरच्यांना असलेली माहिती उभी असे. प्रतिज्ञापत्र वाचणाऱ्या अनोळखी न्यायाधीशाकडे यातले काहीच नसते.

मराठी माणसाची इंग्रजीतली अडचण मात्र वेगळीच आहे. मराठीत आर्टिकल नाही, आणि ‘येतोयस’ म्हटले की कर्ता क्रियापदातूनच कळतो. त्यामुळे त्याच्या इंग्रजीतून ‘द’ आणि ‘इट’ हे सक्तीचे शब्द गळतात, आणि ‘इन ऑर्डर टू’सारखे गाळण्याजोगे शब्द ऐटीत राहतात. त्याने आधी गळलेले सक्तीचे शब्द जागेवर आणावेत. ‘दॅट’ ठेवायचा की काढायचा, हे त्यानंतर पाहावे.