आपल्या जिल्ह्याचा नायक

मैत्रिणींनो, १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ निघू लागली आणि सचित्र चरित्रं घरोघरी आली. मुलं ती अधाशासारखी वाचतात. पण परवा लेकीनं विचारलंच, “आई, यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोण गं?” मी गडबडलेच! मग आठवले वणीचे बापूजी अणे. १९३० च्या जुलैत पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून त्यांनी कायदा मोडला नि तुरुंगात गेले. घोडा नाही, तलवार नाही, नुसतं गवत! लेकीला भारी गंमत वाटली. तिनं जुन्या वहीत त्यांचं चित्रचरित्रच काढायला घेतलं. तुम्हीही मुलांना वही द्या. एका पानावर एकच प्रसंग, खाली एकच ओळ. चित्र सुधारायला मात्र जाऊ नका हं! विळा कसा धरतात, ते आमच्याकडे आजीनं दाखवलं.