अडकलेली गोळी आणि ठरलेला शेरा

नवी रायफल पहिल्याच सरावात अडली, की दोष कुणाचा याचा निर्णय आपल्याकडे बहुधा तपासणीच्या आधीच झालेला असतो. 'देखभालीत हयगय' हा शेरा लिहावयास सोपा, आणि तो ज्याच्या नावावर पडतो तो शिपाई सर्वांत खालच्या पायरीवर उभा. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या गावातून सैन्यात अथवा केंद्रीय राखीव पोलीस दलात गेलेल्या तरुणाने या शेऱ्याविरुद्ध दाद मागावी ती कोठे?

इन्सास रायफलीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आरेखन केलेली ही ५.५६ मिलिमीटरची रायफल गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जुन्या 'एसएलआर'च्या जागी आली. १९९९ च्या कारगिल युद्धात, कडाक्याच्या थंडीत, तिची प्लास्टिकची मॅगझिने तडकल्याच्या आणि ऐन वेळी गोळी अडकल्याच्या तक्रारी आल्या. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात ४३ सैनिक मारले गेले, तेव्हा नेपाळी सैन्याने रायफलीस दोष दिला. भारताच्या बाजूने उत्तर मिळाले, की ती योग्य रीतीने हाताळली गेली नसावी. हे उत्तर खरेही असेल. परंतु ते तपासाचा निष्कर्ष म्हणून यावयास हवे होते, तपासाऐवजी नव्हे.

वस्तुतः अशा रायफलीचे काम गूढ नाही. गोळी नळीतून पुढे जात असता स्फोटाच्या वायूचा थोडा अंश एका छिद्रातून वळतो आणि दट्ट्याला मागे रेटतो. दट्ट्यासोबत बोल्ट मागे येतो. त्याच्या तोंडाशी असलेला आकडा रिकामी पुंगळी ओढून काढतो आणि ती बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकली जाते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते आणि तो जाता जाता मॅगझिनमधील वरचे काडतूस नळीच्या मुखात सारतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. वायूचा जोर कमी पडला, तर बोल्ट पुरता मागे येत नाही. पुंगळी खिडकीतच चिमटली जाते, किंवा नवे काडतूस बोल्टच्या वाटेत येतच नाही. मॅगझिनचे ओठ वाकले वा त्याची स्प्रिंग थकली, तर काडतूस तिरके उठते. आकडा झिजला, तर पुंगळी नळीतच राहते. थंडीत तेल घट्ट होते. धुळीत तेच तेल जास्त झाले की चिखल होतो. शिपायाची हयगय यात खरोखरच येते, पण अनेक कारणांपैकी एक म्हणून.

यातील नेमके कारण कोणते, हे शोधण्याची रीत कोणताही जुना शस्त्रकारागीर सांगेल: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेच मॅगझिन दुसऱ्या रायफलीत घातले आणि खोड त्याच्यासोबत गेली, तर रायफल निर्दोष. मॅगझिने बदलूनही खोड तेथेच राहिली, तर काडतुसांचा गट बदलून पाहावा. तेवढ्यानेही भागले नाही, तर मग वायूचा मार्ग, आकडा आणि स्प्रिंग यांकडे वळावे. प्रत्येक वेळी मॅगझिनवर खूण आणि काडतुसांच्या गटाचा क्रमांक वहीत असला पाहिजे. ज्या देशात टाचणीचाही हिशेब तीन प्रतींत ठेवला जातो, तेथे ही वही जड होऊ नये!

अडचण वहीची नाही. ती वाचणार कोण, याची आहे. छोट्या शस्त्रांची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात बनतात, रायफली ईशापूर, कानपूर, तिरुचिरापल्ली येथे, आणि आरेखन पुण्यास. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. त्यांत काडतुसे पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, रायफली कानपूरच्या कंपनीकडे. गोळी अडकली तर एकीने दुसरीकडे बोट दाखवावे, अशी सोय यातून सहज होते; आणि दोघींनाही शिपायाकडे बोट दाखविणे त्याहून सोपे.

परदेशी रायफल आणली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तिच्यात भरावयाचे काडतूस येथलेच असले, तर नळी, वायू आणि काडतूस यांची जुळणी पुन्हा नव्याने तपासावीच लागते. डिसेंबर २०२१ च्या कराराने सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली अमेठीतील कोरवा येथे बनावयाच्या ठरल्या. त्या ज्यांच्या हाती जातील त्यांच्या तुकड्यांतून आलेली अडथळ्यांची नोंद वरिष्ठ कचेरीच्या गाळणीतून न जाता थेट आरेखन करणाऱ्यांच्या आणि काडतूस बनविणाऱ्यांच्या टेबलावर एकाच दिवशी पोहोचली पाहिजे, आणि तिला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळाले पाहिजे. उत्तरात 'हयगय' हा शब्द आला, तर त्यासोबत कोणते मॅगझिन, कोणता गट आणि कोणती चाचणी, हेही लिहिलेले असावे.