पोटगी कोणत्या तारखेपासून?

घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत पोटगी मिळत नाही, हा समज अजून पक्का आहे. तो चुकीचा आहे. दावा चालू असतानाच अंतरिम पोटगी मागता येते.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले : पोटगी आदेशाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व कर्ज प्रतिज्ञापत्रावर मांडायचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघायला हवा.

घरभाडे आणि मुलांची फी पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाही. न्यायालयांनी ही मुदत कसोशीने पाळावी. अर्जदारांनीही खर्चाच्या पावत्या आणि बँकेचे उतारे पहिल्याच दिवशी जोडावेत.