भरतीच्या नाचातून पियानोवर

टॉम आणि जेरीचे एक चित्र पोराबाळांनी टीव्हीवर पाहिले असेल. बोका ऐटीत पियानो वाजवतो आणि पियानोच्या पोटात झोपलेला उंदीर त्याला सतावतो. ते चित्र १९४७ सालचे. त्यातली धून त्याहून शंभर वर्षांनी जुनी. फ्रान्झ लिस्ट याने १८४७ साली ती रचली. नाव 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २'.

लिस्टचा जन्म १८११ चा, तेव्हाच्या हंगेरीतल्या एका खेड्यात. बाप सरदाराच्या जहागिरीवर मेंढरांचा हिशेब ठेवी. रोमा जमातीच्या वादकांचे वाजवणे लिस्टने लहानपणीच ऐकले होते.

हे वादक वाजवत त्या नाचाचे मूळ लष्करी भरतीत आहे. अठराव्या शतकात शिपाई वादकांना घेऊन गावात येत, नाचत, दारू पाजत. रंगात आलेला शेतकऱ्याचा पोर सैन्यात नाव देऊन बसे. पुढे हाच ढंग चार्दाश नाचात उतरला. आधी संथ, डौलदार चाल. मग वेग वाढत वाढत नुसती धांदल. लिस्टच्या रचनेचेही असेच दोन भाग आहेत.

रोमा वादकांकडे सिंबालोम हे वाद्य असे. आपल्या संतूरसारखे, तारांवर काड्यांनी ठोके द्यायचे. पियानोतही पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. म्हणून लिस्टने सिंबालोमचा झणत्कार पियानोवर हुबेहूब आणला. एकच सूर इतका भराभर वाजवायचा, की कसलेल्या वादकाचीही बोटे भरून येतात.

हे संगीत रोमा लोकांचेच, असे लिस्टने १८५९ साली पुस्तकात लिहिले. ते पुरते खरे नव्हते. रोमा वादक खाणावळीत वाजवत त्यातल्या कित्येक चाली शिकल्यासवरल्या हंगेरियन लोकांनी रचलेल्या होत्या. मग नांगर धरणाऱ्याचे गाणे कुठे होते?

ते शोधायला बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय हे दोघे १९०५-०६ च्या सुमारास आवाज टिपणारे यंत्र घेऊन खेडोपाडी निघाले. म्हाताऱ्या माणसांसमोर बसून त्यांनी गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. त्यांतली जुनी गाणी पाच सुरांची, साधी आणि वेगळीच निघाली.

लिस्टच्या रचनेची गोडी त्याने कमी होत नाही. पण खाणावळीतले वाजवणे येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानी पडते. घरातले गाणे ऐकायला उंबरा ओलांडून आत जावे लागते. ते दोघे गेले, म्हणून ती गाणी म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेली नाहीत.