प्रोसेसर घेताना नाव नव्हे, पिढी बघा

व्यापारी बंधूंनो, 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि हिंगोलीसारख्या ठिकाणीही कापडाच्या गादीवर लाल वहीशेजारी कॉम्प्युटर येऊन बसला. नुसता काठ पाहून लुगडे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण मनात हसतो. कॉम्प्युटर मात्र आपणही तसाच घेतो.

मी घेतला. 2021 साली 'आय-सेव्हन आहे, शेठ, दहा वर्षे चिंता नको' या बोलीवर जुना डबा आणला. प्रोसेसरचा नंबर 3770. आय-सेव्हन खराच, पण 2012 सालचा, तिसऱ्या पिढीचा. विंडोज-टेनवर बिले निघत राहिली. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-टेनची नियमित देखभाल बंद केली. विंडोज-इलेव्हनसाठी इंटेलची साधारण आठवी पिढी, म्हणजे 2017 नंतरचा माल लागतो. माझा डबा त्यात बसेना. ज्यावर रिटर्न, ई-वे बिल आणि बँकेचे व्यवहार होतात, तो असा ठेवणे म्हणजे गल्ला बिनकुलपाचा ठेवणे. स्वस्त माल चार वर्षांत महाग पडला.

नंबर वाचणे अवघड नाही. 3770 मधला पहिला आकडा तीन, म्हणून तिसरी पिढी. 12100 मधले पहिले दोन आकडे बारा, म्हणून बारावी. हा 12100 नावाने साधा आय-थ्री, 2022 चा. कोअर दोघांतही चारच, तरी माझ्या आय-सेव्हनला तो सहज मागे टाकतो. नंबरापुढे 'एफ' अक्षर असेल तर मात्र थांबा. त्यात चित्र दाखवायची सोय नसते, ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते.

घरची मुले म्हणतील, नवा आय-सेव्हनच घ्या. बिले आणि स्टॉक यांना तो लागत नाही. भरतकामाची डिझाइन कॉम्प्युटरवर काढणाऱ्या कारागिराने थोडा वरचा घ्यावा, बाकीच्यांनी वाचलेले पैसे एसएसडी, सोळा जीबी रॅम आणि यूपीएसवर घालावेत. (आपल्याकडची वीज काय सांगावी!) पुढे नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएमडीकडेही बघा. त्यांच्या 2017 च्या एएम-फोर बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांवर 2020 ची रायझन 5000 मालिकाही चालते. इंटेल सॉकेट लवकर बदलते.

सेकंडहँडला माझा विरोध नाही, पण आठव्या पिढीच्या खाली नको. आणि बिलावर पूर्ण नंबर लिहून घ्या. नुसते 'आय-सेव्हन' लिहिलेले बिल मी आता दुकानदाराला परत करतो.